तिसरा बिंदू

दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच पाठ ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. कंधारला आमच्या वर्गात त्यातल्या आलेखाला मुले घाबरतात. खरे तर त्यात पाठ करण्यासारखे फारसे काही नाही.

२क्ष + य = ६ हे समीकरण घ्या. म्हणजे य = ६ − २क्ष. क्ष ० धरला तर य ६ येतो. क्ष २ धरला तर य २. आलेख कागदावर आडवा क्ष-अक्ष आणि उभा य-अक्ष काढावा, कोपऱ्यात प्रमाण लिहावे, (०, ६) आणि (२, २) हे बिंदू मांडून पट्टीने रेषा ओढावी. रेषेला दोन बिंदू पुरतात. तिसरा घ्यायचा तो गवाह म्हणून. तो रेषेबाहेर पडला, तर आकडेमोडीत कुठेतरी चूक आहे.

मागे एका मुलीने क्ष = −१ धरून य = ४ काढला. बिंदू रेषेबाहेर पडला. तिने तो खोडला आणि गुपचूप रेषेवर नेऊन ठेवला. तक्त्यात मात्र ४ तसाच. आम्ही विचारले, “बेटा, असं का केलंस?” मान खाली घालून म्हणाली, “चूक दिसली की अब्बा रागावतात, सर.”

आम्ही तिला गणित पुन्हा करायला बसवले. ६ − २ × (−१), म्हणजे ६ + २, उत्तर ८. आता (−१, ८) हा बिंदू न ढकलता रेषेवर बसला.

‘अल्जेब्रा’ हे नाव नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मींनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातील ‘अल-जब्र’वरून आले. उर्दूत जब्र म्हणजे जबरदस्ती. पण अरबीत मोडलेले हाड सांधणे असाही त्याचा अर्थ आहे. बिंदू ढकलणे ही जबरदस्ती झाली. चूक शोधून दुरुस्त करणे हेच खरे सांधणे.

पालकहो, बीजगणित येत नसले तरी आज मुलांची वही उघडा. तिन्ही बिंदूंवर पट्टी ठेवून पाहा, तक्त्यातले आकडे त्यांच्याशी जुळवा. जुळले नाहीत तर रागावू नका. “कुठे चुकलं ते आपण मिळून शोधू या,” एवढेच म्हणा. घरात चूक दाखवायची भीती नसली, तर मूल खोडरबर घेऊन ती लपवणार नाही.