बदनाम सरडा

‘तो ना, नुसता सरडा आहे!’ कॉफी ढवळता ढवळता मैत्रीण फणफणली. सात महिन्यांचं अफेअर संपलं होतं. मला मात्र उगाचच सरड्याचा पुळका आला.

मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन घ्या. नोसी बे बेटावरचा नर निळसर-हिरवा, अंबिलोबेकडच्या नराच्या अंगावर निळे-लाल पट्टे. काय सॉलिड दिसतो राव! निवांत असला की हिरवा आणि समोर दुसरा नर आला की काही मिनिटांत पिवळा-नारिंगी. लपायला नव्हे, चक्क दिसायला! त्याच्या कातडीत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर वाढलं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं. म्हणजे नवा रंग वगैरे काही तयार होत नाही, स्फटिक नुसते सरकतात.

मादी त्याहून स्पष्टवक्ती. एरवी फिकट तपकिरी किंवा पीच, पण पोटात अंडी असली की काळपट होते, त्यावर नारिंगी खुणा. अर्थ एकच: लांब राहा!

हे सगळं मैत्रिणीला ऐकवलं. ती गप्प झाली.

‘मग त्याने सात महिन्यांत एकदाही रंग का नाही दाखवला गं?’

मी दुसरी कॉफी मागवली.