खात्यावरचे तीनशे डॉलर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती आणि त्या पाटीखाली बसूनच दुकानदार उधारीची लाल वही लिहायचा. त्यामुळे 'क्रेडिट' हा शब्द कानावर पडला की मला अजूनही ती वहीच आठवते. बावीस वर्षे मी वर्गात अर्थशास्त्र शिकवतो, जमा आणि नावे यांतला फरक मुलांना फळ्यावर समजावून सांगतो. तरी दादाने सिअॅटलहून फोन करून सांगितले, "तुझ्या आणि आईच्या खोलीला तीनशे डॉलरचं क्रेडिट मिळालंय," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "फेडायचं कधी?"

दादा बराच वेळ हसत होता.

हकीकत २०२४ च्या जूनमधली. दादा आणि वहिनी पंचवीस वर्षे सिअॅटलजवळ राहतात. आईचे वय चौऱ्याहत्तर. तिने एकदा तरी यावे, असे दादा किती वर्षे म्हणत होता. ती गेली ती मी सोबत येणार या अटीवर. आमची सुट्टी आणि तिथला उन्हाळा जमला, तेव्हा दादाने चौघांसाठी अलास्काच्या सात रात्रींच्या जहाजसफरीच्या दोन खोल्या काढल्या. खोलीचे भाडे त्याचे. "पण बंदरावर उतरून जे काय बघायचं, त्यात आईचा आणि माझा खर्च मी करणार," असे मी बजावून ठेवले होते. धाकटा झालो म्हणून काय झाले, सगळेच कसे घ्यायचे? दादाने वाद घातला नाही. माझा स्वभाव त्याला ठाऊक आहे.

आता हे क्रेडिट म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण अलीकडे आपल्याकडूनही मुलांकडे गेलेले आईवडील अशा सफरींना जाऊ लागले आहेत. तिकीट काढून देणारा एजंट गिऱ्हाईक टिकावे म्हणून किंवा जहाज कंपनी खोल्या खपाव्यात म्हणून, तुमच्या खोलीच्या नावे काही रक्कम जमा दाखवते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोली उघडायचे कार्ड दाखवले की खर्च खात्यावर चढतो आणि या जमा रकमेतून आधी वळता होतो. त्यात दोन जाती. एक परत मिळणारी, जी उरली तर हातात येते. दुसरी परत न मिळणारी, जी शेवटच्या रात्री शिल्लक असेल तर बुडते. बक्षीस म्हणून मिळालेली रक्कम बहुधा या दुसऱ्या जातीची असते. आमचीही तीच होती. जुगाराच्या टेबलावर ती सहसा चालत नाही, हे एक बरेच म्हणायचे.

मग ती चालते कुठे? दुकानात, पेयांवर आणि मुख्य म्हणजे 'शोअर एक्सकर्शन' नावाच्या, बंदरावर उतरून करायच्या सहलींवर. त्यातही अट अशी की, सहल जहाजाच्या काउंटरवरूनच घेतलेली हवी. बंदरावरच्या माणसाकडून परस्पर घेतली तर पुष्कळदा स्वस्त पडते, पण तिथे तुमचे क्रेडिट कोणी ओळखत नाही. शिवाय जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. परस्पर गेलात आणि उशीर झाला, तर धक्क्यावर उभे राहून टाटा करायचा. अलास्कात घड्याळ सिअॅटलच्या एक तास मागे असते, तेवढ्या एका तासात लोक फसतात.

दादा-वहिनींनी आपल्या सहली महिनाभर आधीच घरून कार्डावर घेऊन टाकल्या होत्या. आमच्या मात्र ठेवल्या. "क्रेडिट आहे की, जहाजावर गेल्यावर घेऊ," दादा म्हणाला. निघण्याआधी संगणकावरून पैसे भरताना क्रेडिट वळते होत नव्हते, जहाजावर पाऊल ठेवल्यावरच ते लागू होणार होते. ही सोय आणि हीच मेख. कारण तोपर्यंत जागा उरतील याची हमी कोणी देत नाही.

मला सगळ्यांत हवी होती ती स्कॅगवेची आगगाडी. व्हाइट पास अँड युकॉन रूट हे तिचे नाव. क्लोंडाइकच्या सोन्याच्या मागे जग धावले, त्या धावपळीत १८९८ साली काम सुरू झाले आणि १९०० साली ११० मैलांची वाट व्हाइटहॉर्सपर्यंत पुरी झाली. रुळांमधले अंतर तीन फूट. समुद्राच्या काठावरून वीस मैलांत गाडी जवळजवळ तीन हजार फूट चढते. आपला कॅसलरॉकचा घाट ३७ फुटांना एक फूट चढतो, तर तिथे काही ठिकाणी सव्वीस फुटांना एक. आमच्या आईचे माहेर सावंतवाडीकडचे, पण तिची थोरली बहीण मडगावला दिलेली. लोंढ्याहून दूधसागरवरून जाणारी मीटरगेज गाडी हे तिच्या तरुणपणातले एकमेव चैनीचे खाते. बोगदे ती तोंडपाठ मोजायची. म्हणून तिला ही गाडी दाखवायची, हे मी बेळगावातच ठरवले होते.

पहिल्याच संध्याकाळी मी काउंटरवर रांगेत उभा राहिलो. सकाळच्या गाडीच्या चार जागा उरल्या होत्या. माणशी १७५ डॉलर, दोघांचे ३५०. क्रेडिट ३००. म्हणजे खिशातून फक्त पन्नास जाणार! चार हजार रुपयांच्या आसपास. मी दोन जागा घेतल्या आणि शीळ घालत खोलीवर आलो.

खोलीतल्या टीव्हीवर आपले खाते बघता येते. बघितले, तर तिथे आणखी एक ओळ होती. सेवाशुल्क, म्हणजे टिप. माणशी रोज १७ डॉलर, आपोआप. दोघांचे सात दिवसांचे २३८. हा खर्च सांगितलेला असतो, बारीक अक्षरांत का होईना, सगळीकडे लिहिलेला असतो. मीच तो हिशेबात धरला नव्हता. आता ३०० मधून २३८ गेले की राहिले ६२. गाडीचे ३५० द्यायचे, तर खिशातून २८८ डॉलर. त्या दिवसांतल्या भावाने चोवीस हजार रुपये. आईचे आणि माझे कॅनडाचे व्हिसेही काढावे लागले होते. जहाज सिअॅटलला परतण्याआधी एका संध्याकाळी व्हिक्टोरियाला थांबते, कारण परदेशी निशाणाच्या जहाजाने अमेरिकेतून अमेरिकेतच फेरी मारताना मध्ये परक्या बंदराला लागावे, असा १८८६ सालचा कायदा आहे. त्या कायद्यापायी माझे आधीच बरेच पैसे गेले होते. आणि पगार मिळायला जुलै उजाडायचा होता.

जेवणाच्या टेबलावर मी हे दादाला हळूच सांगितले. तो म्हणाला, "सोपं आहे. खाली काउंटरवर जाऊन टिप काढून टाकायला सांग. पुष्कळजण करतात, कोणी विचारत नाही. आपल्या खोलीवाल्याला शेवटी वीस-तीस डॉलर हातात दे. तुझं क्रेडिट मोकळं होतं, गाडीला वापर."

कागदावर यात काहीच चूक नव्हती. टिप ऐच्छिकच होती. मी उद्या सकाळी जाऊन सांगायचे ठरवले. जहाजावर रोज येणाऱ्या छापील पत्रकाच्या मागे रात्री पुन्हा एकदा बेरीज-वजाबाकी केली.

सकाळी जाग आली ती आईच्या बोलण्याने. दार उघडे होते आणि आई चक्क मालवणीत कोणाला तरी विचारत होती, "तुझो गाव खंयचो?"

"हांव केप्यांचो, माई," आमची खोली आवरणारा मुलगा म्हणाला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर 'इंडिया' एवढेच लिहिलेले. आईने चेहऱ्यावरून ओळखले म्हणे! गोव्यातून आगबोटीवर जाणारे तारवटी आपल्याला नवे नाहीत, निम्म्या सासष्टीची घरे त्या पैशावर उभी आहेत. पण जगाच्या त्या टोकाला आपल्या चादरी बदलणारा मुलगा केप्याचा निघावा, याने आईला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. पुढच्या दहा मिनिटांत तिने त्याची सगळी कुंडली काढली. आठ महिन्यांचे कंत्राट, मध्ये सुट्टीचा वार नाही. घरी बायको आणि वर्षाची मुलगी, जिला त्याने अजून मांडीवर घेतलेले नाही. मूळ पगार थोडा, खरी मिळकत टिपेची. ती त्याच्या एकट्याचीही नाही, सगळ्यांची एकत्र होऊन वाटली जाते. खाली धुलाईत आणि मुदपाकखान्यात राबणारे, जे प्रवाशांना कधी दिसतच नाहीत, त्यांचाही वाटा त्यातच.

तो गेल्यावर आई पलंगावर बसली. मला वाटले, गावाकडचे काही बोलेल.

"काल जेवताना दादा काय सांगत होता रे तुला? काढून टाक म्हणून?"

आईला कमी ऐकू येते, असे आम्ही दोघे भाऊ धरून चालतो. ही आमची जुनी चूक आहे. मी हिशेब सांगितला. सगळा नाही, पण सांगितला.

"मग गाडीची तिकिटं परत कर," ती म्हणाली. "मी घाट शंभर वेळा बघितलाय. बर्फातला नाही बघितला, एवढंच."

तिकिटे परत करता येत होती, बंदर येण्याआधी ठराविक वेळेपर्यंत. मी काउंटरपर्यंत गेलोही. माझ्या पुढे एक जोडपे टिप काढून घेत होते. काउंटरवरच्या मुलीने हसत मान डोलावली, चार बटणे दाबली आणि झाले. दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. माझी पाळी आली. मुलीने विचारले, काय करू? मी म्हटले, स्कॅगवेच्या तिकिटांची वेळ एकदा सांगा. तिने वेळ सांगितली. मी ती पत्रकावर लिहून घेतली आणि परत आलो.

दुसरीकडे काटकसर करायची ठरवली. जुनोला उतरल्यावर दादा-वहिनी बसने मेंडेनहॉल हिमनदी बघायला गेले. तिथे दोन डॉलरची साधी शहर बसही जाते, पण ती दीड मैल अलीकडे सोडते आणि आईच्या गुडघ्यांना तेवढे जमणारे नव्हते. आम्ही दोघे धक्क्याजवळ बाकावर बसून समुद्रावर उतरणारी छोटी विमाने मोजली. मला मनातून वाईट वाटत होते, हे लपवत नाही. ती हिमनदी वर्षावर्षाला मागे हटते आहे. आमच्यासाठी थांबायची नाही.

दुसऱ्या दिवशी स्कॅगवे. गाडी सुटली, तशी आई खिडकीला नाक लावून बसली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि खाली वाहणारे पांढरे पाणी. पहिला बोगदा येताच ती म्हणाली, "एक." वाटेत घोड्यांची घळ लागते. रूळ पडण्याआधी या वाटेवर ओझ्याखाली तीनेक हजार जनावरे मेली. कॅनडात शिरणाऱ्या प्रत्येकाने वर्षभराची शिधासामग्री बरोबर आणलीच पाहिजे, असा दंडक होता. माणशी टनभर सामान. सोने फार थोड्यांना मिळाले. माथ्यावर अमेरिका-कॅनडाची हद्द येते, तिथे दोन्हीकडचे झेंडे आहेत. "या भागातल्या हद्दीचा पण वाद होता, १९०३ साली लवादाने मिटवला," मी आईला मास्तरकीच्या सवयीने सांगितले.

"मिटला?" आईने एवढेच विचारले आणि पुन्हा बाहेर बघू लागली. जूनमध्येही तिथे बर्फाचे पट्टे होते. ती काही बोलत नव्हती. पावणेतीन तासांत तिने एकदाही गुडघ्याची तक्रार केली नाही.

दादाच्या खोलीच्या क्रेडिटचे काय झाले, तेही सांगायला हवे. त्याच्या सहली आधीच कार्डावर झालेल्या. टिप वळती होऊन त्यांचेही ६२ डॉलर उरले आणि ते बुडणार होते. शेवटच्या रात्री वहिनींनी दुकानात पळापळ करून 'अलास्का' लिहिलेला एक स्वेटर घेतला. त्याची त्यांना काही गरज नव्हती, असे दादाने मला दोनदा सांगितले. तर कोणी जाणार असाल, तर मिळालेली रक्कम परत न मिळणारी आहे का ते आधी विचारा. मग तिच्यातून टिप वजा करा. जे उरेल तेवढेच सहलीला आहे, असे धरा आणि तेवढ्याची तरी सहल जहाजावर चढल्या चढल्या, पहिल्या संध्याकाळीच घ्या. टिप वजा करायची की काढून टाकायची, ते ज्याचे त्याने बघावे.

शेवटच्या पहाटे दाराखालून बिल सरकले. आई आधी उठलेली. केप्याच्या मुलासाठी तिने बेळगावहून आणलेला चिवड्याचा शेवटचा पुडा टेबलावर काढून ठेवला होता आणि चष्मा लावून ती बिल वाचत होती.

"खालचा आकडा दोनशे अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "रुपयात किती झाले?"

"बारा हजार," मी म्हणालो.

आईने बिलाची घडी घातली. "तुझे बाबा पण असंच करायचे," ती म्हणाली. "नेहमी अर्धाच आकडा सांगायचे."