पाठीतला घाट

जुलैचा वीकेंड, धो धो पाऊस आणि गगनबावडा! कोल्हापूरहून जेमतेम ५५ किलोमीटर. गगनगडावर ढग टेकलेले, करूळ घाट धुक्यात गुडूप. तुमच्यासाठी हे 'डेस्टिनेशन' असेल, माझ्यासाठी मामाचं गाव. डेडलाइनपासून पळून जायची हक्काची जागा.

या वेळी मात्र सॅकमध्ये एक मोठं पाकीट होतं. एक्सरेचं.

झालं असं, की पुण्यात टेलर म्हणाला, "मॅडम, तुमची कंबर एका बाजूनं वर आहे." मी त्यालाच झापलं. पुढे कंबर दुखायला लागली, तेव्हा ऑफिसच्या खुर्चीला शिव्या घातल्या. ऑनलाइन पोश्चर बेल्ट मागवला, तो आठवड्यात कपाटात गेला. शेवटी निमूटपणे ऑर्थोपेडिककडे. निदान : लंबर स्कोलिओसिस. कंबरेतला कणा डावीकडे वळलेला, १४ अंश.

त्या रात्री झोप कुठली? नेटवरचे सगळे भयंकर फोटो बघून झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शांतपणे क्लास घेतला. मागून पाहिलं तर कणा सरळ दिसायला हवा. तो बाजूला वळतो आणि मणके थोडे स्वतःभोवतीही फिरतात, तो स्कोलिओसिस. किती वळलाय ते मोजायची पद्धत जॉन कॉब या अमेरिकन सर्जननं १९४८ साली मांडली, म्हणून तो 'कॉब अँगल'. १० अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत.

कारण? किशोरवयातल्या बहुतेक केसेसमध्ये ते सापडतच नाही. दप्तर, खुर्ची, कुशीवर झोपणं यातलं काहीच गुन्हेगार नाही. (सॉरी, खुर्ची!) कधी एक पाय आखूड असतो किंवा स्नायू आखडलेले असतात, तेव्हा कणा फक्त वाकलेला दिसतो. मूळ कारणावर इलाज केला की तोही सरळ होतो. उतारवयात मणक्यांमधल्या चकत्या झिजूनही कणा वळतो.

माझ्या वयात १४ अंश म्हणजे पाठ आणि पोटाचे स्नायू मजबूत करणारे व्यायाम, फिजिओथेरपी, एका जागी तासन्‌तास न बसणं. बस्स. बेल्टनं कणा सरळ होत नाही. पण पायात मुंग्या, बधिरपणा, ताकद कमी होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही झालं, तर तडक डॉक्टर. बाकी उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पळाला तो. माझी तर बस चुकते!

हे सगळं मी मामीला रंगवून सांगत होते. तिनं एक्सरे ट्यूबलाइटसमोर धरला आणि हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नगंस हां. उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं?"

तेवढ्यात बारा वर्षांची मामेबहीण चपला उचलायला वाकली आणि माझी नजर अडकली. कंबरेच्या एका बाजूला उंचवटा. मी तिला पाय जुळवून, हात जोडून पुन्हा सावकाश वाकायला लावलं. उंचवटा तिथंच. मामीनंही पाहिलं. मग ती काहीच बोलली नाही.

माझी उंची वाढायची थांबलीय, तिची नाही. वाढत्या वयात हा घाटही वाढू शकतो, विशेषतः मुलींमध्ये. म्हणून वाढत्या मुलांत साधारण २५ ते ४० अंशांना ब्रेस देतात. ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचा विचार होतो. २०१३ साली अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्रेस घालणाऱ्या ७२ टक्के मुलांची वाढ पूर्ण होईपर्यंत वक्रता ५० अंशांच्या आत राहिली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ब्रेस जितके तास जास्त, तितका फायदा जास्त.

सोमवारी आम्ही कोल्हापूरला गेलो. २७ अंश. ब्रेसचं माप देताना ती रडली, मामी तिच्याहून जास्त. परतताना एसटीत मामी म्हणाली, "दडवून ठेवलं असतं तर वाढलंच असतं की गं."

आता ती युनिफॉर्मच्या आत ब्रेस घालून शाळेत जाते. मैत्रिणींना स्वतःच सांगून टाकलंय, ठोकून दाखवते म्हणे. मीही ठरवलंय, स्थळ आलंच तर १४ अंश पहिल्याच कॉफीला सांगायचे. पळाला तर पळाला.

तुमच्या घरी दहा-चौदा वर्षांची बहीण, भाची, पुतण्या आहे? या वीकेंडला त्यांना एकदा खाली वाकायला सांगा. एक मिनिट लागतं.