संहितेच्या आडोशाला बसलेली समीक्षा

‘घाशीराम कोतवाल’वर मराठीत विपुल लिहिले गेले. नाना फडणवीस इतिहासात तसे होते काय, नाटक एका जातीची बदनामी करते काय, सत्तेचे रूपक कितपत सयुक्तिक आहे, या तीन खुंट्यांभोवती वाद फिरत राहिला. ज्या मंडळींनी हे नाटक उभे केले त्यांची कामगिरी मात्र बहुधा शेवटच्या परिच्छेदात उरकली जाते : संगीत परिणामकारक, नृत्ये डौलदार, दिग्दर्शन कल्पक. ही समीक्षा नव्हे, आभारप्रदर्शन आहे.

भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना ही तेंडुलकरांच्या आशयावर चढविलेली झूल आहे, असे एकदा गृहीत धरले की जब्बार पटेल यांच्या प्रयोगातील मुख्य घटनाच हातची निसटते. कीर्तन लावणीत नेमके कोठे शिरते, हे छापील पानावर उमगत नाही. ते कानालाच कळते. बावनखणीकडे वळलेल्या पावलांना भक्तिसंगीताचा ठेका मिळतो, तेव्हा केवळ दांभिकतेवर भाष्य होत नसते. त्या ठेक्यावर मान डोलावणारा प्रेक्षकही त्या वाटेला लागलेला असतो. प्रयोगाच्या रंजकतेमुळे हिंसा सुसह्य होते, असा आक्षेप घेतला गेला. त्यातील निरीक्षण अचूक, निष्कर्ष मात्र उलटा आहे. हिंसा सुसह्य होत जाणे हाच तेथील आशय होय. तरीही आक्षेपकांनी निदान संगीत ऐकले होते, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

१९७२ साली रंगमंचावर आलेले हे नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १९ प्रयोगांनंतर थांबविले. बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापून १९७४ पासून ते पुन्हा सुरू केले. हा इतिहास सर्वांना पाठ आहे. त्याचा अर्थ मात्र क्वचितच लावला जातो. पुस्तक कोणाच्याही हाती पडू शकले असते. संस्था सोडून वाचवावा लागला तो प्रयोग. पुढे याच संस्थेच्या ‘महानिर्वाणा’त आळेकरांनी कीर्तनाचा साचाच नाटकाचा सांगाडा केला, ‘तीन पैशाचा तमाशा’त ब्रेश्टच्या रचनेला नाट्यपदापासून पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतापर्यंतचे सूर भिडले. संहिताकेंद्री दृष्टीला यातही ‘रूपांतर कितपत निष्ठावान’ एवढेच दिसते.

या दृष्टीची सर्वांत मोठी किंमत मोजली ती १९७६च्या चित्रपटाने. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने, मणी कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप, सईद मिर्झा अशा अनेकांच्या सामूहिक कर्तृत्वातून, अकॅडमीच्या नटांना घेऊन तो केला. पटकथा तेंडुलकरांचीच, म्हणून तो नाटकाची दुय्यम प्रत मानला गेला. वस्तुतः रंगमंच आणि पडदा यांना जोडणारा दुवा लेखकाइतकाच संगीतकारही होता, आणि चंदावरकर त्याच इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवीत होते. रंगमंचावर माणसांची भिंत झाकते आणि उघड करते. कॅमेऱ्यापाशी चौकटच हे काम करते. दीर्घ, अखंड चित्रणात काय दिसू द्यायचे याचा निर्णय प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडतो. हा फरक माध्यमाचा तर आहेच, शिवाय सत्तेविषयीच्या विधानाचाही आहे. त्याची तपशीलवार चिकित्सा मराठी नाट्यसमीक्षेने करावयास हवी होती.

ती तर झाली नाहीच. चित्रपटाची प्रतही टिकली ती बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेत, आणि तिच्यावरूनच त्याचे पुनरुज्जीवन झाले. आता तो पाहता येतो. तरीही पदव्युत्तर वर्गात नाटकाची अभ्यासपत्रिका पुस्तकापाशी सुरू होऊन पुस्तकापाशीच संपणार असेल, तर साधनांच्या अभावाची सबब यापुढे सांगता येणार नाही.