परवानगी कोणाची?



या वेळचं संपादकीय म्हणजे एक कबुलीजबाब आहे.

गेल्या हिवाळ्यात आपल्या गटातल्या अकराजणी केरळात, चालकुडी नदीच्या खोऱ्यातल्या सदाहरित जंगलात, काडर आदिवासींच्या एका पाड्यावर चार दिवस राहून आल्या. मीही त्यांत होते. विषय ठरवला होता : जंगल आणि बाईचे श्रम.

काडरांना धरणं नवीन नाहीत. १९५०च्या दशकात पेरिंगलकुथू, पुढे शोलयार. दर धरणागणिक त्यांची वस्ती उठली. म्हणूनच त्याच नदीवर १६३ मेगावॅटच्या अतिरप्पिळ्ळी प्रकल्पाची भाषा सुरू झाली, तेव्हा त्यांनी विरोध केला. त्या लढ्यात वाझचालच्या व्ही. के. गीता पुढे होत्या. त्या पाड्याच्या प्रमुख. बाईनं प्रमुख होणं तिथंही नवलाचंच. २०१४ साली वाझचाल भागातल्या नऊ पाड्यांना सुमारे ४०० चौरस किलोमीटर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हे सगळं ऐकायला, शिकायला आम्ही गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक ठेवली. पाड्यातल्या तिघीच आल्या. बाकीच्या कुठं आहेत? एक पाणी भरत होती, दोघी सरपण आणायला गेल्या होत्या, उरलेल्या चुलीपाशी. आमच्याच जेवणासाठी! आम्ही बाईच्या न दिसणाऱ्या श्रमांवर बोलत होतो आणि ते श्रम भिंतीपलीकडे चालू होते. दोघींचा त्या दिवसाचा रोजही बुडाला होता.

शेवटी एका म्हातारीनं दुभाष्यामार्फत विचारलं, "इथं यायला तुम्ही कुणाला विचारलंत?" आम्ही सांगितलं, वनखात्याची परवानगी आहे. ती म्हणाली, "आणि आम्हाला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ओळखीच्या एका मध्यस्थानं सगळं ठरवलं होतं. पैसेही आम्ही त्याच्याच हातात दिले होते. त्यातलं बायकांपर्यंत किती पोचलं, हे आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं.

वनहक्क कायदा २००६चा. जमिनीचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावे व्हावा, ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर असावेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असाव्यात, हे आपण शिबिरांतून सांगत आलो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा आपण आनंदानं टाळ्या वाजवल्या. पण जंगलाच्या धन्यांच्या दारात जाताना परवानगी मात्र आपण जुन्या सवयीनं सरकारी कचेरीतूनच घेतली. कायदा पाठ होता, अंगात मुरला नव्हता.

मग जायचंच नाही का? काही मैत्रिणी तसं म्हणतात. मला ते पटत नाही. न जाण्यानं आपलं अज्ञान तसंच राहील आणि त्यांचा लढा आपल्यापुरता कागदावरचा राहील. तिसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाक आपल्याकडे घेतला, पाणी भरलं. संध्याकाळी बैठकीला जागा पुरेना. पुनर्वसनाच्या गप्पा चुलीच्या धुरात झाल्या, आणि आमच्या प्रश्नावलीतला एकही प्रश्न लागला नाही.

तेव्हा यापुढे आपल्यापुरते काही नियम करूया. आधी ग्रामसभेला विचारायचं, त्यातही बायकांना वेगळं. 'नको' म्हणाल्या तर जायचं नाही. पाच-सहाजणींहून जास्त जायचं नाही. शिधा आपला, स्वयंपाक आपला. मोबदला पाड्यानं ठरवावा, आणि काम करणारीच्याच हातात द्यावा. फोटो विचारून, आणि जे लिहू ते छापण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं.

हा मजकूर दुभाष्यामार्फत तिथं वाचून दाखवला आहे. म्हातारीचं म्हणणं एवढंच आलं, की पुढच्या वेळी आधी निरोप धाडा.

तुमच्या गटांचे असेच अनुभव असतील, फसलेलेसुद्धा. ते जरूर कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

संपादक मंडळासाठी