उचकी ही किरकोळ तक्रार नाही

उचकी लागली की आपल्याकडे म्हणतात, कुणीतरी आठवण काढली. मग एकेकाचे नाव घ्यायचे. ज्याच्या नावाला उचकी थांबेल तो आठवण काढणारा. आमच्या अण्णांना अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी दुसरी केमो झाली आणि त्याच रात्री उचकी लागली. आईने हसत हसत गावाकडची सगळी नावे घेतली. तिसऱ्या रात्री हसणे संपले. अण्णा भिंतीला टेकून बसलेले, दर थोड्या सेकंदांनी अंग हिसकायचे. पेजेचा घोट गिळला की उचकी, आणि घोट बाहेर. एका खोलीत आम्ही पाच जण जागे.

शेजारची एक मावशी हळूच म्हणाली, "या शेवटच्या उचक्या असतात गं." दुसरीने अंगारा आणून देते म्हटले. अंगारा आमच्या घरात चालत नाही, तो प्रश्न तिथेच मिटला. पण मला खरा राग माझाच येतो. चौथ्या दिवशी रक्त तपासायला अण्णांना दवाखान्यात नेले होते. पहाटेपासून रांग, आत गेल्यावर जेमतेम दोन मिनिटे. तिथे "उचकी लागते" हे सांगायची मला लाज वाटली. एवढ्या मोठ्या आजारात उचकीचे काय सांगायचे? आपल्या वस्तीतल्या माणसांना डॉक्टरांचा वेळ घेतला की अपराध केल्यासारखे वाटते, आणि त्याची शिक्षा रुग्ण भोगतो.

पाचव्या दिवशी परत गेले आणि सिस्टरांना सांगितले. डॉक्टरांनी केसपेपर पाहिला. केमोआधी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने काहींना, विशेषतः पुरुषांना, उचकी लागते. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधानेही लागते. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. त्याच्या नसा चाळवल्या की तो अचानक आखडतो, तीच उचकी. पोट फुगणे, आम्लपित्त, रक्तातले सोडियम कमी होणे, किडनी बिघडणे, यकृत सुजणे, क्वचित मेंदूतली गाठ, अशी कारणेही असतात. म्हणून कारण शोधावे लागते. 48 तासांपेक्षा जास्त टिकलेली उचकी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

आणि यावर औषधे आहेत. मेटोक्लोप्रमाइड, बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, क्लोरप्रोमाझिन. पण शेजाऱ्याची उरलेली गोळी देऊ नका. बॅक्लोफेनने किडनी कमजोर असलेल्या माणसाला गुंगी येऊन तो बरळू लागतो. क्लोरप्रोमाझिनने रक्तदाब उतरतो, म्हातारे माणूस रात्री लघवीला उठताना पडते. आतडे अडलेले असेल तर मेटोक्लोप्रमाइड चालत नाही.

घरगुती उपायांचे म्हणाल तर थोडा वेळ श्वास रोखणे ठीक, दम लागत नसेल तर. पण गटागट पाणी पाजणे, तोंडात कोरडी साखर कोंबणे हे घसा किंवा अन्ननलिकेच्या रुग्णाला करू नका. ठसका लागून पाणी फुफ्फुसात जाते. मागून दचकवण्याचा खेळ तर नकोच. थोडे थोडे, कोमट, कमी तिखट द्यावे. जेवल्यावर लगेच आडवे करू नये. सोडा बंद.

उचकीबरोबर पोट फुगून उलट्या, लघवी बंद, छातीत दुखणे, दम लागणे, बोलण्यात गोंधळ किंवा एका बाजूची ताकद जाणे यातले काही दिसले, तर 48 तासही थांबू नका.

माझे म्हणणे दवाखान्यांनाही आहे. केस गळतील, उलट्या होतील हे सांगता, मग उचकीही लागू शकते हे एक वाक्य का सांगत नाही? ते ऐकले असते तर आमच्या घरातल्या चार रात्री वाचल्या असत्या. आणि सांगणारे कुणी नसेल तर आपण विचारावे. कधी सुरू झाली, केमोनंतर किती तासांनी, झोप किती, पोटात काय गेले, हे वहीत लिहून न्यावे. दोन मिनिटांत वही बोलते.

पुढच्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी स्टेरॉइड बदलले. उचकी लागली, पण संध्याकाळपर्यंत थांबली. आईने या वेळी कुणाचे नाव घेतले नाही, मला म्हणाली, "वही आण, वेळ लिही."