विंचवाचे विष आणि मज्जातंतूंच्या उघाड्या



राबासाठी पातेरा गोळा करायचा, कवळ उचलायची, गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचायचे, ही सगळी उन्हाळ्यातली कामे. लाल विंचू बाहेर पडण्याचे दिवसही तेच. मागे काशीदला भाताच्या बियाण्याविषयी बैठक होती. बोलणे आटोपत आले तेव्हा एका मावशींनी विचारले, "साहेब, पोराला विंचू चावला तर भगत उतरवतो, ठणका जातो. मग डॉक्टरकडे कशाला न्यायचे?" तिथे दोन शब्दांत सांगितले. इथे जरा सविस्तर सांगतो.

रेवदंडा खाडीकाठी खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, ती तुम्ही पाहिली असेल. भरतीला तिची झडप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. आपल्या मज्जातंतूंच्या पातळ आवरणातही अशाच अतिसूक्ष्म उघाड्या असतात. आवरणाबाहेर मिठातले सोडियम भरपूर, आत फार थोडे. काटा टोचला की सोडियमची उघाडी सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती उघडते आणि सोडियम आत घुसते. त्या धक्क्याने शेजारची उघाडी उघडते, मग तिच्या शेजारची. असा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. मागोमाग पहिली उघाडी मिटते, पोटॅशियमची दुसरी उघडते आणि तंतू पूर्ववत होतो. शास्त्रज्ञ या उघाड्यांना आयन-मार्ग म्हणतात.

हे कळले ते माकुळामुळे. आपल्याकडे कोळीवाड्यात माकूळ मिळते ना, त्याच जातकुळीतल्या समुद्री माकुळाचा एक मज्जातंतू शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा असतो. त्यात तार घालून हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५२ साली हा हिशेब मांडला आणि १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळवले. कातडीतल्या तंतूंच्या टोकांना तर वेगवेगळ्या कामाच्या उघाड्या आहेत. एक चटक्याने उघडते, दुसरी दाबाने. मिरची ती चटक्याचीच उघाडी उघडते, म्हणून तिखटाने तोंड 'भाजते'. या शोधांना २०२१ चे नोबेल मिळाले.

आता विंचू. त्याच्या विषातले काही घटक सोडियमच्या उघाडीत पाचरीसारखे बसतात. झडप मिटू पाहते, पण मिटत नाही. शिवाय लाल विंचवाच्या विषात पोटॅशियमची उघाडी बंद करणारे घटकही आहेत. म्हणजे एक दार उघडे अडकले आणि दुसरे बंद अडकले. मग तंतू थांबतच नाहीत. ठणका मारणारे तंतू ओरडतात ते आपल्याला कळते. पण हृदय, घाम, रक्तवाहिन्या सांभाळणारे तंतूही तसेच सुटलेले असतात, ते कळत नाही.

हा प्रकार तुम्ही स्वतः दर साली करता. आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन फवारता, ते किडीच्या सोडियमच्या उघाडीलाच धरते. उघाडी मिटत नाही, कीड थरथरून मरते. सोडियमची उघाडी किड्यात आणि माणसात मुळात एकाच घराण्यातली. फार जुनी चीज आहे ही. मात्र घरमाशीत अशा काही माश्या निघाल्या की त्यांच्या उघाडीतला एकच दुवा बदललेला होता. औषध तिथे नीट बसेना. त्या जगल्या आणि त्यांचीच पिले वाढली. औषध 'लागत नाही' अशी तक्रार येते तेव्हा प्रत्येक वेळी दुकानदारालाच दोष देण्यात अर्थ नसतो.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात तर विंचू खाणारा एक उंदीर आहे. विंचू त्याला नांगी मारतो, हा जरा पंजा चाटतो आणि पुन्हा विंचवावर तुटून पडतो. ॲश्ली रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली कारण दाखवून दिले. या उंदराच्या ठणक्याच्या तंतूंवरची एक उघाडी अशी बदलली आहे की विंचवाचे विष तिला बंदच करते. विषच बधिरतेचे औषध होते.

माणसाच्या उघाडीत असा बदल नाही. म्हणून आपल्याला महाडकडे पाहावे लागते. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात आले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता. विंचू चावलेले रोगी, त्यात कित्येक लहान मुले, रात्रीतून फुप्फुसात पाणी होऊन दगावत. डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसून तासातासाला टिपण करीत. ते निरीक्षण १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आले. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. गोळी उघाडीतली पाचर काढत नाही. पण सुटलेल्या तंतूंनी आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते आणि हृदयावरचा ताण उतरतो. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस जात, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या हाफकिनची प्रतिविष लसही आहे. ती लवकर दिली तर रक्तात फिरणारे विष निकामी करते.

तेव्हा मावशींना उत्तर असे. ठणका कमी झाला म्हणजे विष उतरले असे नव्हे. मोठा काळा विंचू फार ठणकवतो, पण सहसा जीव घेत नाही. छोटा लाल विंचू कधी कमी दुखवून जास्त बिघडवतो. उलटी, अंग भिजवणारा घाम, तोंडाला सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय, यांतले एक जरी दिसले तरी भगताची वाट पाहू नका. मूल असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका. काशीदहून मुरूडचे रुग्णालय जवळ, त्यापुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय. १०८ ला फोन करा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर ती पहिली विचारतात. जागा कापू नका, आवळून बांधू नका. दवाखान्यात प्राझोसिन दिली असेल तर रोग्याला आडवेच ठेवा, डॉक्टरांनी सांगेपर्यंत लघवीलासुद्धा उभे करू नका. उभे राहताच रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते.